प्रार्थनेखालची गिटार

मला माणसं रडवता यायची. बढाई मारत नाही. बढाईचं वय गेलं, आणि जिची मारायची तिचीच आता लाज वाटते. पण अमरावतीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी तेवढीच ओळख होती. बी.एस्सी.चे दोन विषय राहिले होते, क्रिकेटमध्ये कोणी घेत नव्हतं, आणि जिच्यासाठी मी केसांचा कोंबडा काढून हिंडायचो त्या मुलीनं राखीच्या दिवशी मला कॉलेजच्या गेटवरच गाठलं होतं. मात्र रविवारी साडेनऊला गिटार गळ्यात अडकवून मी चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या डाव्या हाताला उभा राहिलो की सगळी मंडळी माझ्या बोटांच्या ताब्यात असायची.

हे काम काय असतं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की चर्चमध्ये गिटारवाला गाणी वाजवतो. गाणी कोणीही वाजवतं. चार कॉर्ड आले की आमची निम्मी गाणी येतात, आणि मला पाच येत होते. खरं काम गाणं संपल्यावर सुरू होतं. लोक डोळे मिटतात, पाळक प्रार्थना सुरू करतात, आणि तेव्हा गिटारवाल्यानं थांबायचं नसतं. एकेक तार हळूहळू छेडत राहायचं, प्रार्थनेच्या खालून. आम्ही त्याला 'खाली वाजवणं' म्हणायचो. पाळकांचा आवाज चढला की थोडं वाढवायचं, त्यांना गहिवरून आलं की बारीक करायचं. यासाठी आमचा इशारा ठरलेला होता. पाळक डाव्या हाताचा पंजा मांडीजवळ जरासा वर किंवा खाली करत, गॅसची ज्योत लहानमोठी करावी तसा. सगळ्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे तो पंजा फक्त देवाला आणि मला दिसायचा.

त्यातली मेख मला लवकर सापडली. ई मायनरवर रेंगाळायचं, तिथून सी वर यायचं, आणि मनात चार मोजेपर्यंत काहीच करायचं नाही. दोन मोजून होईतो बायकांच्या बाकांवरून पहिला हुंदका यायचा. तो कायम एकीचाच असे, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या एका सिस्टरबाईंचा. आयुष्यभर वॉर्डात त्यांनी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं म्हणे, सगळं आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. त्या रडल्या की बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं होई, आणि पाच मिनिटांत पुरुषांच्या बाजूचे दोन-तीन रुमालही निघत. एकदा सिस्टरबाई मुलीकडे नागपूरला गेल्या होत्या. त्या रविवारी कोणीच रडलं नाही, आणि उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तारा जुन्या झाल्या का.

माझ्याआधी चर्चमध्ये पेटी होती. एक रिटायर हेडमास्तर ती वाजवायचे. अभंगाच्या चालीवरची जुनी भजनं, काळी दोन, आणि एक कडवं संपून दुसरं येईपर्यंत माणसाला घरच्या कामांची यादी करून होई. आम्हा तरुण मंडळींना त्याचा भारी कंटाळा. प्रार्थना सुरू झाली की गुरुजी भाता बंद करून हात जोडत. मी त्यांना एकदा मोठ्या नम्रतेनं सुचवलं की प्रार्थनेच्या खाली पेटी चालू ठेवली तर वातावरण तयार होतं. ते म्हणाले, "प्रार्थनेत हात जोडा लागते बावा. दोनच हात हाय माह्याजवळ. वाजवाले तिसरा कुठून आनू?" मी बाहेर येऊन मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवली, आणि आम्ही पोट धरून हसलो. दोन महिन्यांत पेटी कपाटात गेली.

मग माझं नाव झालं. अचलपूर, परतवाडा, अकोला, कुठंही प्रार्थनासभा असली की एस.टी.च्या टपावर गिटार बांधून मी निघायचो. बारसं, गृहप्रवेश, निरोपसमारंभ, सगळीकडे खाली वाजवायला मी. परतवाड्यात एका टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला तर मी इतकं मन लावून वाजवलं की मालकाची आई ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि पहिलंच गिऱ्हाईक काही वाईट घडलं असेल म्हणून दारातून परत गेलं. मालक चिडला. मला मात्र वाटलं, ही आपल्या हाताची करामत आहे. त्या वयात माणसाला अक्कल सोडून सगळं असतं.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात रोज कोणी ना कोणी यायचं. शेतीची दशा झाली होती आणि ती पाहायला लोक लांबून येत. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले, समित्या आल्या, समित्यांनी काय पाहिलं ते पाहायला आणखी समित्या आल्या. वाळलेल्या पऱ्हाटीत उभं राहून, कापसाचं एक बोंड हातात धरून, कपाळाला आठ्या घालून फोटो काढायचा, ही पद्धतच पडली होती. स्टेशनजवळच्या लॉजवाल्यांचा हंगाम काही त्या वर्षांत बुडाला नाही. मग एक दिवस आमच्यातलीही माणसं आली. पुण्याहून एक वर्शिप टीम आली. सात जण, सगळे काळ्या कुडत्यात, पायात पांढरे बूट, सोबत दोन कीबोर्ड, एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक कॅमेरा. अकोल्यात हॉल घेऊन त्यांना विदर्भासाठी प्रार्थनासभा करायची होती, आणि तिची सीडी काढून जगभर पाठवायची होती.

त्यांचा लीडर तिशीतला होता. सगळ्यांना 'ब्रदर' म्हणायचा, आमच्या पाळकसाहेबांनाही. पाळकसाहेबांचं वय त्याच्या वडिलांएवढं, पण पुण्याचा माणूस म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं. रविवारी तो आमच्या चर्चमध्ये आला, बाकांवरून नजर फिरवली आणि विचारता झाला, "यात शेतकरी कुठं बसतात?"

पाळकसाहेबांनीही मग बाकांवरून नजर फिरवली. नर्स होत्या, शिक्षक होते, वीज खात्यातले होते, एक कंडक्टर होता, कोर्टातला एक टायपिस्ट होता. शेतकरी नव्हता. आमच्या आज्यापणज्यांनी शाळा शिकून पहिलं काम काय केलं असेल तर शेतातून पाय बाहेर काढला. वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी रडायला आलेल्यांना आमच्याकडे रडणारे भरपूर मिळाले, शेतकरी मिळेना. एका मास्तरांनी अंगणात मेथी लावतो म्हणून हात वर केला. लीडरनं तोही विचार केला असावा, कारण किती वाफे आहेत असं त्यानं विचारलं. शेवटी पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या आत्याची संत्र्याची बाग होती ना रे वरूडकडे? वाळली म्हणत होते तुझे वडील."

"वाळली?" लीडर म्हणाला, आणि त्याचा चेहराच उजळला.

आत्याला आणायची जबाबदारी माझ्यावर आली. मला ती आनंदानं घ्यावीशी वाटली, याचं कारण सांगतो. लीडरनं माझं खाली वाजवणं ऐकलं होतं. उपासनेनंतर त्यानं खांद्यावर हात टाकून म्हटलं, "ब्रदर, तुझ्यात अभिषेक आहे, देवाचा हात आहे तुझ्यावर. इथं काय करतोयस? अकोल्याचा कार्यक्रम नीट होऊ दे, परीक्षा झाली की पुण्याला ये. आम्हाला दुसरा गिटारिस्ट लागतोय." मग त्यानं मला त्याची इलेक्ट्रिक गिटार दोन मिनिटं हातात दिली. माझ्या वर्गातली पोरं डी.एड.चे फॉर्म भरत होती नाहीतर पोलीस भरतीसाठी पहाटे धावत होती. मला धावता येत नव्हतं. पुणं मला इतकं हवं होतं की मी त्या आठवड्यात दोनदा उपास केला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि वरूडजवळच्या गावात ती एकटीच बाग सांभाळायची. तोंडानं फाटकी. चर्चमध्ये कोणी फार वेळ प्रार्थना केली तर ऐकू जाईल अशा आवाजात 'आमेन' म्हणून ती संपवायची. तिच्या बोअरचं पाणी गेलं, आसपासच्या गावांत सगळ्यांचंच गेलं, आणि दोन उन्हाळ्यांत झाडं उभ्या उभ्या वाळली. ती तोडावी लागली.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. अकोला, हॉल, कॅमेरा, पुण्याची माणसं, तिनं फक्त माईकवर दोन शब्द साक्ष द्यायची. मला वाटलं ती सुपानं मारेल. पण तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "लोकं कोनकोनते येतीन?"

"सगळेच येतीन आत्या. आपल्या जिल्ह्याचे, अकोल्याचे, सगळे सोयरे."

"आपले वरूड-मोर्शीचे?"

"थे तं येतीनच."

"मंग येतो मी," ती म्हणाली. "मले बोलाचं हाय थ्यायच्या समोर. बागवानभाऊचं."

बागवानभाऊ म्हणजे वरूडचे संत्र्याचे एक व्यापारी. आत्याच्या बागेचा बहार वर्षानुवर्षं तेच घेत. झाडावर फळ असतानाच बाग पाहून सौदा करायचे, आणि आत्या सांगायची त्याप्रमाणे एकदाही सौद्यावरून फिरले नव्हते. आता गावात बोललं जात होतं की बागवानानं एकट्या बाईला भुलवून बाग कापायला लावली आणि लाकडं ओढून नेली. आमच्या घरीही तेच बोललं जायचं. वडील जेवताना म्हणत, "मुसलमानाच्या भरवशावर बाग ठेवली, मंग काय होईन?" आम्ही मान डोलवून भाजी वाढून घ्यायचो.

"लाकडं नेले म्हनते," आत्या म्हणाली. "हे पाह्य, पडेल हाय न सारे आंगनात. लोकायले दिसत नाई काय?"

मग तिनं मला काय झालं ते सांगितलं. वाळकी झाडं उभी ठेवून तूर पेरता येत नाही, म्हणून तिनं मजूर बोलावले. गावचा एकही माणूस पहिला घाव घालायला तयार होईना. फळ दिलेलं झाड, पहिली कुऱ्हाड मारणाऱ्याला पाप लागतं, असं आमच्याकडे धरतात. दोन दिवस कुऱ्हाडी बांधावर पडून राहिल्या. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनं निरोप धाडला होता. त्यांना ऑफिसातून सुटी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी बागवानभाऊ आले.

"टोपी काढली, खिशात ठेवली, अन् म्हने, बाई, पहिला घाव मी घालतो. लागलं तं मले लागन. अन् घातला न बावा. सत्तरीचा मानूस, धाप लागली थ्याले. मंग मजुरायनं कुऱ्हाडी उचलल्या. अन् थो सांजपर्यंत माह्याजवळ बाजीवर बसून राह्यला. एक शबद नाई बोलला. तुया बापही आला नाई, तुये चर्चवालेही आले नाई."

आणि रस्त्यानं जाणाऱ्या एस.टी.तून लोकांना दिसलं ते एवढंच, की बागवान विधवेच्या बागेत कुऱ्हाड चालवून राहिला. तेव्हापासून त्या रस्त्यावरच्या बागवाल्यांनी त्यांना बाग देणं बंद केलं होतं. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्य सौद्यावर गेलेलं, आणि सौदा चालतो तो नावावर. आत्यानं दोघा-चौघांना खरं सांगून पाहिलं होतं. तिलाच बिचारी भोळी म्हणून लोक मोकळे झाले.

"माईकवर बोलली तं मानतीन," ती म्हणाली. "देवाच्या समोर साक्ष देली तं कोनी खोटं म्हनन काय?"

मी म्हटलं, नाही म्हणणार. आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सकाळची एस.टी. धरून अमरावतीहून अकोल्याला निघालो. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर पिशवी धरून ती वाटभर तोंडातल्या तोंडात बोलत होती. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचं भाषण चार वेळा म्हणून झालं. प्रत्येक वेळी ते लहान होत गेलं. शेवटी उरलं ते इतकं की बाग देवानं दिली होती, पाणी गेलं, झाडं वाळली, तोडायला कोणी आलं नाही, हा माणूस आला, त्याचे उपकार आहेत, त्याच्याबद्दल जे बोलतात ते खोटं बोलतात. "जमते न?" तिनं विचारलं. मी म्हटलं, फर्स्ट क्लास.

हॉलवर गेल्यावर मी लीडरला ते सगळं सांगितलं. मला वाटलं तो खूश होईल. त्यानं डोकं खाजवलं. "चांगलं आहे ब्रदर, पण बघ, ते व्यापाऱ्याचं मध्ये आलं की फोकस हलतो. लोकांना वेदना दिसली पाहिजे. असो, बोलू दे त्यांना. तू खाली वाजवायला राहा, माझ्याकडे बघ." कीबोर्डवाल्यानं मला त्यांच्या अँपमध्ये जोडून दिलं. माझी गिटार पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पेटाऱ्यातून निघत होती. तपासायला मी एक तार छेडली तर समोरच्या खुर्च्या लावणारी माणसं वळून पाहायला लागली. फार बरं वाटलं.

दुपारी तीनला हॉल भरला. आमच्या अमरावतीच्या सिस्टरबाई पहिल्या रांगेत, मांडीवर दोन रुमाल. त्यांच्या मागं वडील, काका, वरूड-मोर्शीकडचे सगळे सोयरे. गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि लीडरनं आत्याला हात धरून माईकपुढं आणलं. मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो.

"माही संत्र्याची बाग होती," आत्या म्हणाली. "पानी गेलं. झाडं वायले. म्या तोडले."

कोर्टात जबानी द्यावी तशी सांगत होती ती. आवाज कोरडा, मान ताठ. कॅमेरावाला तिच्या चेहऱ्याजवळ गेला आणि त्याला तिथं काही सापडेना. लीडरचा पंजा, आमच्या पाळकसाहेबांसारखाच, मांडीजवळ वर झाला. मी ई मायनर धरला.

आत्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा माईककडे वळली. "तोडाले कोनी तयार नव्हतं," ती म्हणाली, आणि पंजा आणखी वर झाला. मी वाढवलं. कीबोर्डवाल्यानं खालून लांब सूर भरला. माईकसमोर सरळ उभं राहून बोलायची तिला सवय नव्हती. ती सोयऱ्यांच्या रांगेकडे वळून बोलायला लागली, म्हणजे ज्यांना सांगायचं त्यांच्याकडे तोंड करून, आणि माईक तिच्या कानाशी राहिला. समोरच्यांना नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. सिस्टरबाईंनी पहिला हुंदका दिला.

तेव्हा तिनं माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. लहानपणापासून ती बाई माझ्याकडे बघत आली आहे, तिचं कोणतं बघणं कशासाठी असतं ते मला पाठ आहे. थांब, असं ती म्हणत होती. मी लीडरकडे पाहिलं. पंजा वरच होता. मी सी वर आलो आणि चार मोजले.

हॉल फुटला. बायका रडत होत्या, पुरुष रडत होते, मेथीवाले मास्तर गुडघ्यावर बसले. आणि आत्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. आत्या दुःखानं रडत नाही, दुःख झालं तर ती भांडी घासत बसते. ती फक्त रागानं रडते. कॅमेऱ्याला त्याच्याशी काय घेणं. तो जवळ गेला, लीडरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. तिचं बोलणं कधी संपलं, की संपलंच नाही, हे कोणाला कळलं नाही.

नंतर चहाला सगळ्यांनी मला घेरलं. लीडर म्हणाला, "ब्रदर, पुणं पक्कं." सिस्टरबाई आत्याच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "किती सोसलं बाई तुमी." आणि वडील काकांना हळू आवाजात सांगत होते, "म्या म्हनलं नव्हतं? बागवानानं बुडवलं तिले. कशी रडली, पाह्यलं न?" काकांनी पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली. बडनेरा आलं. मग म्हणाली, "म्या दोनदा पाह्यलं तुयाकडे."

"मले समजलं नाई आत्या," मी म्हटलं.

ती पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागली.

सीडी दोन महिन्यांनी आली. वडिलांनी घरी सगळ्यांना बोलावून लावली. आत्याचा चेहरा पडदाभर, गालावरून पाणी, माझी गिटार, आणि तिच्या आवाजाच्या जागी कोणा गंभीर माणसाचा इंग्रजी आवाज. दलालांनी सगळं लुटून नेलेल्या एका आईची ही कहाणी, असं तो सांगत होता. आई ती कोणाचीच नव्हती. बी.एस्सी.चं इंग्रजी असलं तरी मला एवढं कळत होतं. वडिलांना मी अर्थ सांगितला नाही, पण सोयऱ्यांमध्ये इंग्रजी शाळेतले मास्तर पुष्कळ. वरूडच्या गावांत ती सीडी घरोघर फिरली. आता ती नुसती अफवा राहिली नव्हती, तिला फोटो मिळाला होता, आवाज मिळाला होता, वर संगीतही मिळालं होतं.

परीक्षा झाली. पुण्याचं तिकीट काढलं. निघायच्या दोन दिवस आधी आत्याचा निरोप आला, भेटून जा. मी वरूडला उतरलो तर ती स्टँडवरच उभी होती. घरी न नेता तिनं मला बाजाराकडे नेलं. बागवानांच्या गोदामात तणसाचे ढीग होते, लाकडी पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. संत्र्याच्या ऐन हंगामात शेजारच्या गोदामांपुढं ट्रक लागत होते. ते एकटे खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. मी त्यांना त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं. बारीक माणूस, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"हा माहा भाचा," आत्या म्हणाली. "हाच होता बाजूले."

त्यांनी मला पेटीवर बसायला सांगितलं. आवाजात राग नव्हता. "बेटा, ती सीडी मीबी पाह्यली. पोरायनं आनली होती. बाईंचं बोलनं ऐकू नाई येत त्याच्यात. बाई म्हनते, मी तुमचं सांगतलं. मी म्हनतो, सांगतलं असन. पन गावात लोकं इचारते तं मी काय सांगू? तू तं जवळच होता. काय म्हनल्या होत्या बाई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, एस.टी.त चार वेळा ऐकलेलं, क्रमानं. पहिल्या घावाचं, टोपीचं, दिवसभर बसून राहण्याचं, उपकार आहेत हेसुद्धा. सांगताना माझा आवाज कापत होता आणि मला त्याचं थोडं बरंही वाटत होतं, की निदान आता तरी मी खरं बोलतो आहे. आत्या पेट्यांकडे तोंड करून उभी होती, कारण समोरासमोर कोणाचे आभार मानणं तिला जमत नाही, आणि म्हणूनच तर तिला माईक हवा होता.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हंजे तुले ऐकू येत होतं सारं," ते म्हणाले.

"हो."

"मंग तू वाजवत काहून होता?"

अभिषेक, वातावरण, फोकस, पुणं, सगळे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि त्या रिकाम्या पेट्यांसमोर एकही बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

"मले इशारा केला होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग समोरच्या टपरीकडे हात करून तीन चहा सांगितले. आम्ही चहा प्यालो. त्यांनी मला पुण्यात कुठं राहणार ते विचारलं, तिकडची हवा थंड असते, स्वेटर घे, असं सांगितलं. मी हो म्हटलं.

आत्या मला स्टँडवर सोडायला आली. तिनं माझ्यासाठी शेव आणि लाडू करून आणले होते. गाडी लागली तेव्हा तिनं ती पिशवी माझ्या हातात दिली नाही. बाकावर ठेवली, आणि मी ती उचलायच्या आत वळून गावच्या गाडीकडे चालायला लागली.